बीड, खडू आणि पियानोची खिळी

चारठाण्याच्या (जि. परभणी) हेमाडपंती देवळांत तुळया दगडाच्या आहेत. अशा देवळांचे खांब जवळजवळ असतात, याचे कारण दगडाच्या स्वभावात आहे. तुळई लांब केली तर ती वाकू पाहते, तिच्या खालच्या अंगाला ताण पडतो, आणि ताण दगडाला सोसत नाही. दाब मात्र पुष्कळ सोसतो. वर्गात खडू घेऊन पाहा: टेबलावर उभा धरून दाबला तर टिकतो, वाकवला की कट्कन तुटतो.

बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, स्वभावही असाच. (बीड जिल्ह्याशी त्याचा संबंध नाही!) तरीही पियानो बनवणाऱ्यांनी बिडावरच भरवसा ठेवला. मिरजेच्या तंबोऱ्याला ४ तारा. त्यांचा ताण लाकूड आणि भोपळा मिळून पेलतात. आजच्या पियानोत सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात, एकेकीचा ताण ७०-८० किलो वजनाइतका. बेरीज १५ टनांच्या वर जाते! तारा चौकटीची दोन्ही टोके एकमेकांकडे ओढतात, म्हणजे चौकटीवर मुख्यतः दाब येतो. इथे बीड शोभते. बोस्टनच्या आल्फियस बॅबकॉकने १८२५ साली अखंड ओतलेल्या चौकटीचे पेटंट घेतले. जेम्स स्ट्यूअर्ट याने १८२७ साली लंडनमध्ये आणखी एक युक्ती काढली: तार मागच्या खिळीला वळसा घालून परत आणायची, एका तारेच्या दोन करायच्या. गाठ वाचली, पण त्या खिळीवर दोन तारांचा भार आला.

अशी खिळी तुटली किंवा वाकली तर नवी कोणती बसवावी? साधा मोळा चालत नाही. मऊ असल्याने तो वाकतो आणि तार निसटते. खिळी पोलादीच हवी, आणि तारेच्या ओढीच्या उलट दिशेला किंचित कललेली, म्हणजे तार वर सरकत नाही. खरी मेख जाडीत आहे. भोकापेक्षा ती केसभरच जाड हवी. सैल खिळी डुगडुगते. फार जाड खिळी हातोडीने ठोकली तर भोकाच्या कडेचे बीड चहूकडून ताणले जाते. म्हणजे जे त्याला सोसत नाही तेच आपण करतो, आणि चौकटीला तडा जातो. बिडाला डाग देऊन जोडणे अवघड. जोड १५ टनांपुढे टिकेलच असे नाही. म्हणून जाणकार कारागीर खिळी निवडण्यापूर्वी भोक मायक्रोमीटरच्या मापाने तपासतो आणि हातोडी सर्वांत शेवटी उचलतो.