डेट्रॉइट टेक्नो
अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील डेट्रॉइट शहरात १९८० नंतर कृष्णवर्णीय तरुणांनी घडविलेला इलेक्ट्रॉनीय नृत्यसंगीताचा एक प्रकार. मोठ्या ध्वनिमुद्रण-संस्थांच्या कक्षेबाहेर, छोटी प्रकाशने व नृत्यक्लब यांच्या आश्रयाने तो वाढला. म्हणून त्यास ‘भूमिगत’ संगीत म्हणतात.

मोटार-उद्योगाच्या या नगरीची लोकसंख्या १९५० मध्ये सु. १८.५ लाख होती. कारखान्यांचे स्थलांतर व श्वेतवर्णीयांचे उपनगरांकडे प्रयाण यांमुळे ती १९८० मध्ये सु. १२ लाखांवर आली. ओस पडणाऱ्या या शहरात वॉन ॲटकिन्स, डेरिक मे व केव्हिन सॉन्डरसन या शाळासोबत्यांनी फंक संगीत आणि ‘क्राफ्टवेर्क’ या जर्मन वाद्यवृंदाची यांत्रिक लय यांचा मेळ घातला. रोलंड टीआर–८०८ व ९०९ ही तालयंत्रे त्यांची प्रमुख साधने होत. लंडनमध्ये १९८८ साली निघालेल्या एका संकलनामुळे ‘टेक्नो’ ही संज्ञा रूढ झाली.

व्यापारीकरणास विरोध म्हणून माइक बँक्स व जेफ मिल्स यांनी सु. १९८९ मध्ये ‘अंडरग्राउंड रेझिस्टन्स’ हा गट स्थापिला. व्यक्तीपेक्षा संगीत श्रेष्ठ, या भूमिकेतून त्याचे सदस्य अनेकदा मुखवटे धारण करीत. या गटाच्या ‘जॅग्वार’ (१९९९) या रचनेची अनुकृती एका बड्या कंपनीने परवानगीविना तयार केली, तेव्हा चाहत्यांनी तीव्र निषेध नोंदविला. गटाने आपल्या इमारतीत या संगीताचे छोटे संग्रहालयही उभारले. शहरात २००० पासून भरू लागलेला संगीतोत्सव प्रारंभी विनामूल्य होता.

बर्लिनची भिंत कोसळल्यावर (१९८९) हे संगीत तेथील रिकाम्या वास्तूंत रुजले. ‘ट्रेझोर’ हा क्लब १९९१ मध्ये एका जुन्या वस्तुभांडाराच्या तिजोरीघरात सुरू झाला व त्याच्या प्रकाशनाची पहिली तबकडी डेट्रॉइटच्या कलावंतांचीच होती. जागेच्या पुनर्विकासामुळे २००५ मध्ये त्यास ती सोडावी लागली. २००७ मध्ये तो एका जुन्या वीजकेंद्रात पुन्हा उघडला. बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीचा समावेश २०२४ मध्ये जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय सूचीत झाला.

तबकड्या व यंत्रे संग्रहालयात जतन करता येतात. तथापि या संस्कृतीचा प्राण सामूहिक नृत्यात, परवडणाऱ्या जागांत आणि ज्येष्ठांकडून नवोदितांकडे जाणाऱ्या कौशल्यात आहे. राजमान्यतेमुळे जागांना संरक्षण मिळू शकते. परंतु जेथे ही कला जन्मली, त्या कृष्णवर्णीय समाजाचे ऋण विस्मृतीत गेल्यास तो वारसा अपुराच राहील.