काट्यांचा मुकुट : थट्टेतला राज्याभिषेक

गोव्यातल्या चर्चमध्ये येशूच्या क्रुसावर डोक्याच्या वर चार रोमन अक्षरे दिसतात : आय, एन, आर, आय. ‘नासरेथकर येशू, यहूद्यांचा राजा’ या लॅटिन शब्दांची ही आद्याक्षरे. ही पदवी नव्हती, आरोप होता.

इ.स. २६ ते ३६ या काळात पंतय पिलात यहूदियाचा रोमन सुभेदार होता. रोमच्या संमतीशिवाय कुणी स्वतःला राजा म्हणवणे म्हणजे सरळ बंड, आणि त्याची शिक्षा क्रूस.

म्हणूनच सैनिकांनी थट्टा केली तीही राज्याभिषेकाचीच. मत्तयाच्या शुभवर्तमानात सगळा थाट आहे. अंगावर राजवस्त्र म्हणून झगा, डोक्यावर काट्यांचा मुकुट, हातात राजदंड म्हणून वेत. पुढे गुडघे टेकून मुजरा, मग त्याच्यावर थुंकणे आणि त्याच वेताने डोक्यावर मारणे.

चारही शुभवर्तमानांत तपशील सारखे नाहीत. मत्तयात झगा किरमिजी आहे, म्हणजे रोमन शिपायाचा असतो तसा. मार्क आणि योहान जांभळा सांगतात. समुद्री गोगलगायींपासून काढलेला तो रंग फार महाग, म्हणून श्रीमंतांचा आणि राजेशाहीचा. लूकमध्ये काट्यांचा मुकुट नाहीच. तिथे हेरोद आणि त्याचे शिपाई येशूला भपकेदार वस्त्र घालून हिणवतात.

योहानाच्या सांगण्यानुसार क्रुसावरची पाटी इब्री, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत होती. ‘राजा’ हा शब्द याजकांना खटकला, पण पिलाताने मजकूर बदलला नाही. ज्यांनी चेष्टेने राजा म्हटले, त्यांच्याच तोंडून खरे निघाले, असा अर्थ ख्रिस्ती परंपरा यातून घेते. या राजाची खूण सोने नाही, सोसणे आहे.

मराठीत ही कथा चारशे वर्षांपूर्वीच आली. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात १६१६ साली छापले गेले.

मुकुट घालणारे हात रोमन शिपायांचे होते आणि ‘यहूद्यांचा राजा’ म्हणून खिल्ली उडाली ती रोमच्या ताब्यातल्या एका अख्ख्या समाजाचीही. तरी पुढे शतकानुशतके दोष त्याच यहुदी समाजावर लादला गेला आणि त्यापायी त्यांचा छळ झाला. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट केले की, येशूच्या दुःखसहनाचा ठपका त्या काळच्या सरसकट सगळ्या यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर ठेवता येणार नाही.