देवळालीचा ताप आणि विलायती हास्य

महाराष्ट्रातील सुशिक्षित घरांना विलायती विनोदाची गोडी फार जुनी आहे. गिरगाव-दादरच्या चाळींतून राहणाऱ्या पिढीने जाड्या-रड्याचे बोलपट पाहिले, तिच्या मुलांनी दूरचित्रवाणीवरील ‘येस मिनिस्टर’मध्ये आपल्याच सचिवालयाची ओळख पटविली, आणि सिडकोने वसविलेल्या खारघरसारख्या नव्या नगरातील नातवंडे आज हातातल्या फोनवर तीच जुनी चित्रे पाहून हसतात. हा छंद म्हणजे साहेबाने जाताना मागे ठेवलेली एक चैनीची वस्तू होय, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास मात्र निराळी साक्ष देतो. ज्यास आपण विलायती हास्य म्हणतो त्याची काही मुळे महाराष्ट्राच्याच मातीत, नगर, पुणे आणि देवळाली येथील लष्करी छावण्यांत सापडतात. ती शोधू लागले म्हणजे कोण कोणाला हसत होते, हा प्रश्नही आपोआप पुढे येतो. आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

प्रथम देवळालीची हकीकत. नाशिकजवळील या गावी १८६१ साली गोऱ्या फौजेसाठी छावणी उभी राहिली. नोकरीची मुदत संपलेल्या शिपायांना मायदेशी नेणाऱ्या आगबोटीची वाट पाहत येथे राहावे लागे. फौजेची ने-आण करणाऱ्या बोटी साधारणतः नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच अवधीत सुटत; तेव्हा ज्याची मुदत एप्रिलात संपे त्याला उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही तेथेच कंठावे लागत. काम नाही, घरी जाणे नाही, ऊन मात्र भरपूर. कंटाळा, दारू आणि हिवताप यांच्यायोगे माणसे भ्रमिष्टासारखी वागू लागत. अशास त्याचे सोबती ‘डूलॅली टॅप’ झाला असे म्हणत. डूलॅली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप. कालांतराने ताप गळून गेला, देवळाली राहिली. आणि ज्याने नाशिक जिल्हा नकाशावरही पाहिलेला नाही असा लंडनचा मनुष्य डोके फिरलेल्या इसमास आजही ‘डूलॅली’ म्हणतो. मराठी मुलखातील एका गावाचे नाव इंग्रजी थट्टेत असे कायमचे जाऊन बसले आहे.

याच छावण्यांच्या जगात १६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे टेरेन्स मिलिगन या मुलाचा जन्म झाला. वडील लिओ हे आयरिश, सैन्यात नोकरीस आणि हौशी नटही होते. मुलाचे बालपण पुण्याच्या लष्कर भागात आणि तेथील कॉन्व्हेंट शाळेत गेले. पुढे हे कुटुंब रंगूनला व तेथून इंग्लंडला गेले. हाच मुलगा ‘स्पाइक मिलिगन’ या नावाने प्रसिद्धीस आला. १९५१ साली बी.बी.सी.च्या रेडिओवर त्यांचा ‘गून शो’ सुरू झाला आणि १९६० पर्यंत चालला. पीटर सेलर्स व हॅरी सीकोम यांच्या साथीने मिलिगन यांनी तर्कशास्त्राला रजा देऊन केवळ आवाजांच्या बळावर एक उलटेपालटे जग उभे केले. रेडिओवर दृश्य नसते हीच त्यांची सोय. जे रंगमंचावर दाखविणे अशक्य ते श्रोत्यांच्या कानांतून डोळ्यांपुढे उभे करता येई. १९६९ साली आलेल्या ‘माँटी पायथन’च्या तरुण मंडळींनी मिलिगन यांचे ऋण उघडपणे मान्य केले. अर्ध्या शतकाच्या इंग्रजी विनोदाला वळण लावणारा हा पुरुष जन्माने नगरकर आणि संस्काराने काही अंशी पुणेकर होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाच्या ध्यानी नसते.

परंतु या कथेला दुसरी बाजू आहे. ‘गून शो’मध्ये लालकाका आणि बॅनर्जी अशी दोन हिंदी पात्रे येत. त्यांचे इंग्रजी बोलणे हाच मुळी विनोदाचा विषय असे. १९६९ साली ‘करी अँड चिप्स’ या मालिकेत मिलिगन यांनी चेहऱ्यास तपकिरी रंग फासून अर्ध्या पाकिस्तानी कामगाराची भूमिका केली. ती मालिका सहा भागांनंतर बंद करावी लागली. आणि दैवाची थट्टा अशी की, ज्याने महायुद्धात ब्रिटिश फौजेत चाकरी केली त्या मिलिगन यांनाच १९६२ च्या कायद्यानंतर ब्रिटिश पारपत्राच्या बाबतीत अडचण आली. हिंदुस्थानात जन्म आणि आयरिश पिता, हे दोन दोष आडवे आले. अखेरीस त्यांनी आयर्लंडचे नागरिकत्व पत्करले. ज्या परकेपणाची त्यांनी थट्टा केली तोच परकेपणा त्यांच्याही वाट्यास आला.

देवळाली स्वतः पडद्यावर आली ती १९७४ साली. बी.बी.सी.च्या ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ या मालिकेचे स्थळ देवळालीतील तोफखान्याची छावणी असून काळ १९४५ चा आहे. शिपायांची करमणूक करणारी एक नाटकमंडळी तिच्या केंद्रस्थानी आहे. लेखक जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट. पैकी पेरी हे खरोखरच देवळालीच्या अशा मंडळीत होते. १९८१ पर्यंत तिचे ५६ भाग झाले. चित्रीकरण मात्र सारे इंग्लंडात! रंगी राम या हिंदी नोकराचे काम मायकेल बेट्स या गोऱ्या नटाने तोंडास रंग लावून केले. बेट्स यांचा जन्म झाशीचा आणि त्यांना हिंदुस्थानी भाषाही येत असे. तरी रंग तो रंगच. पुढे बी.बी.सी.ने या मालिकेचे पुनःप्रक्षेपण टाळले, याचे एक कारण तेच आहे.

तथापि न्याय द्यावयाचा तर पुरता द्यावा. या मालिकेत खरे मूर्ख ठरतात ते साहेबलोकच. कर्नल व कॅप्टन यांना आपण येथे कशासाठी आहोत याचाच पत्ता नाही. आणि बाहेर बसून पायाने पंख्याची दोरी ओढणारा पंखेवाला सगळ्यांचे पाणी ओळखून आहे. साम्राज्याचा सूर्य मावळताना त्याच्याच शिपायांनी त्याची केलेली ती टर होती. उणीव एवढीच की, देवळालीच्या या कथेत देवळालीचे लोक दाराबाहेरच राहिले.

मग मराठी माणसाने काय केले? त्याने विलायती विनोद घरात घेतला. पण उंबरठ्यावर त्याचे कपडे बदलले. आर्थर मर्फी यांचे ‘ऑल इन द राँग’ हे १७६१ सालचे प्रहसन. तेही मोलिएर या फ्रेंच नाटककाराच्या कृतीवरून घेतलेले. गोविंद बल्लाळ देवल यांनी ते मराठीत आणले आणि १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने त्याचे संगीत रूप ‘संशयकल्लोळ’ म्हणून रंगभूमीवर सादर केले. फाल्गुनराव आणि कृत्तिका यांना पाहताना लंडनची आठवण कोणास होते? संशयी नवरा हा आपल्याच आळीतला वाटतो.

ब्रँडन टॉमस यांच्या ‘चार्लीज आंट’ची हकीकतही तशीच. १८९२ साली लंडनमध्ये आलेल्या या प्रहसनाचे तेथे सलग १,४६६ प्रयोग झाले. १९४० साली आर्थर ॲस्की या विनोदी नटाला घेऊन इंग्लंडात त्यावर बोलपटही निघाला. घरात वडीलधारी स्त्री असल्याखेरीज मुलींनी तरुणांच्या बिऱ्हाडी जाऊ नये, या व्हिक्टोरिया राणीच्या काळच्या रिवाजावर त्याची सारी रचना उभी आहे. आचार्य अत्रे यांनी हे नेमके हेरले. तो रिवाज इंग्लंडात मागे पडला तरी मराठी पांढरपेशा समाजात तो जिवंत होता. म्हणूनच ‘मोरूची मावशी’ येथे अस्सल ठरली. बापूराव माने यांनी ती गाजविली आणि १९८५ साली ‘सुयोग’ने नाटक पुन्हा उभे केले तेव्हा विजय चव्हाण यांच्या मावशीने नवी पिढी जिंकली.

जे नाटकांचे तेच नावांचे. १९३३ साली मुंबईच्या रीगल चित्रपटगृहाचे उद्घाटन लॉरेल आणि हार्डी यांच्या ‘द डेव्हिल्स ब्रदर’ने झाले. बोलपट अमेरिकेचे खरे. परंतु स्टॅन लॉरेल हे इंग्लंडचे. तेथील हलक्याफुलक्या रंगभूमीवर कला शिकून ते १९१० साली फ्रेड कार्नो यांच्या मंडळीतून चार्ली चॅप्लिन यांच्याबरोबर अमेरिकेस गेले होते. मराठी प्रेक्षकाने या जोडीचे बारसे केले, जाड्या आणि रड्या, आणि त्यांना आपल्या घरचे करून टाकले.

दूरचित्रवाणीच्या काळात तर पारडेच फिरले. परदेशीयांच्या मोडक्या इंग्रजीवर हसविणारी ‘माइंड युवर लँग्वेज’ ही मालिका १९७७ साली लंडनमध्ये सुरू झाली. तिच्यातील शीख व इतर हिंदी पात्रे म्हणजे निव्वळ ठोकळे आहेत, हा आक्षेप रास्त होता. १९९३ साली दूरदर्शनवर तिचा हिंदी अवतार ‘जबान संभाल के’ आला. त्यात वर्ग हिंदीचा. प्रमुख बाई शुभा खोटे. विद्यार्थ्यांत विठ्ठल बापूराव पोटे हे विजू खोटे. आणि त्याच बाकांवर हिंदी गिरवीत बसलेला इंग्रज लेखक, टॉम ऑल्टर यांच्या रूपाने! जो कालपर्यंत गुरुजी होता तो विद्यार्थी झाला. आणि शेजारी पोटे यांच्यावरही प्रेक्षक तितकेच हसत होते, हे विशेष.

या साऱ्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. विनोद उसना घेण्यात कमीपणा नाही. इंग्रजांनी फ्रेंचांकडून घेतला, आपण इंग्रजांकडून घेतला. प्रश्न असतो तो हसे कोणाचे व्हावे, हे कोण ठरवितो याचा. देवल-अत्र्यांनी परक्याची युक्ती घेतली आणि हशाचा रोख स्वतःच्या समाजाकडे वळविला. दुसऱ्याच्या तोंडाचा रंग लावून जे हसे मिळते ते काही वर्षांत ओशाळवाणे होते. आपल्याच संशयीपणाला आणि भिडस्तपणाला हसणारा फाल्गुनराव शंभर वर्षे टिकतो.

तेव्हा जुनी इंग्रजी चित्रे पाहून आज जी मुले पोट धरून हसतात त्यांना अडविण्याचे कारण नाही. त्यांना एवढेच सांगावे की, या हास्याला ‘डूलॅली’ हा शब्द देणारे गाव नाशिकजवळ आहे, त्याचा एक मोठा कारागीर नगरात जन्मला होता, आणि पंख्याची दोरी ओढणारा तो मनुष्यही बाहेर बसून हसतच होता.