काजळीवर उमटलेला उच्चार

जुन्या करारातील 'शास्ते' या पुस्तकाच्या 12 व्या अध्यायात यार्देनेच्या उतारावरची एक भीषण कथा आहे. नदी ओलांडू पाहणाऱ्याला गिलादी लोक 'शिब्बोलेथ' हा शब्द उच्चारायला लावीत. एफ्राईमी माणसाच्या मुखातून 'सिब्बोलेथ' निघे आणि तेथेच त्याचा वध होई. प्राणावर बेतलेले असतानाही त्या माणसांना एक 'श' का साधला नाही?

हे कोडे उकलण्याच्या कामी एका कॅथलिक धर्मगुरूने आपले आयुष्य वेचले. फादर जाँ-पिएर रूसलो यांचा जन्म 1846 साली फ्रान्सच्या शारांत परगण्यात झाला. तेथील ग्रामीण बोलीला सुशिक्षित मंडळी नाके मुरडीत. फादरांनी मात्र सेलफ्रूँ या गावची आपल्याच कुटुंबाची बोली अभ्यासाला घेतली व 1891 साली तिच्यावर प्रबंध प्रसिद्ध केला.

नुसत्या कानावर विसंबून हे काम होणार नाही, हे त्यांनी जाणले होते. बालपणापासून आपला कान मातृभाषेच्या ध्वनींना सरावतो. परभाषेतील सूक्ष्म भेद त्याला जाणवतच नाहीत. जे ऐकूच येत नाही, ते जिभेने सुधारायचे कसे? तेव्हा कानाला न कळणारे डोळ्यांना दाखवावे, असा मार्ग त्यांनी धरला.

कार्ल लुडविग या जर्मन शास्त्रज्ञाने 1847 साली रक्तदाब नोंदविण्यासाठी 'कायमोग्राफ' हे यंत्र तयार केले होते. फादरांनी तशाच यंत्रावर वाणी नोंदविली. फिरत्या नळकांड्यावर काजळी धरलेला कागद गुंडाळलेला असे. बोलणाऱ्याच्या तोंडाशी व नाकाशी नळ्या लावीत. श्वासाच्या दाबाने नाजूक पडदा हले, त्याला जोडलेली काडी काजळी खरवडी आणि पांढरी रेघ उमटे. फ्रेंच शिकणारा परदेशी विद्यार्थी अनुनासिक स्वराऐवजी साधा स्वर उच्चारून पुढे 'न' जोडू लागला, की नाकाची रेघ ती चूक उघड करी.

दुसरे साधन म्हणजे कृत्रिम टाळू. या पातळ टाळूवर पांढरी पूड पसरून तो तोंडात बसवीत. जीभ जेथे टेके तेथली पूड पुसली जाई. आपले 'त' आणि 'ट' इंग्रजी माणसाला सारखेच वाटतात. परंतु 'त'ची खूण दातांलगत आणि 'ट'ची मागे उमटते, हे असा टाळू दाखवू शकतो.

फादर रूसलो पॅरिसच्या कॅथलिक इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत. 1897 साली कोलेज द फ्रान्समध्ये त्यांची प्रयोगशाळा सुरू झाली. 1902 साली फोस्त लाक्लोत यांच्यासह त्यांनी फ्रेंच उच्चारांवर पुस्तक लिहिले. 1924 साली ते निवर्तले. पुढे 1940 च्या दशकात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ध्वनीचे चित्र काढणारे यंत्र तयार झाले. आज अ‍ॅम्स्टरडॅम विद्यापीठात घडलेली 'प्रात' ही विनामूल्य संगणकप्रणाली तेच चित्र घरच्या संगणकावर दाखविते.

काजळीच्या कागदावर राजधानीची भाषा आणि सेलफ्रूँची बोली यांच्या रेघा सारख्याच उमटत. यंत्र कोणाला हसत नसे. वसईच्या सामवेदी वा वाडवळी घरातले लेकरू शाळेत वेगळा उच्चार करते, तेव्हा हे आपण स्मरावे. त्याची जीभ सदोष नाही. ती आईच्या भाषेशी इमान राखते. नवा उच्चार त्याला अवश्य शिकवावा, परंतु त्यासाठी घरच्या बोलीची लाज त्याच्या मनात पेरू नये.