व्हिडिओ कॉलचा संगणक

व्हिडिओ कॉलचा संगणक : कॅमेरा, मायक्रोफोन, स्पीकर किंवा हेडफोन आणि इंटरनेट यांची जोड देऊन ज्यावरून समोरासमोर बोलता येते असा साधा संगणक. लॅपटॉपमध्ये यातले बहुतेक भाग बसवूनच येतात, डेस्कटॉपला ते बाहेरून लावावे लागतात. या नोंदीत मुख्यतः डेस्कटॉप डोळ्यांसमोर ठेवला आहे. शाळांच्या संगणक कक्षांत, दुकानांच्या गल्ल्यामागे आणि घरोघरी कापडाने झाकून ठेवलेले कितीतरी संच आजही या कामाला पुरेसे आहेत.

अशा संगणकासाठी लोक आधी कॅमेऱ्याची चौकशी करतात. प्रत्यक्षात कॉल बिघडतो तो बहुधा आवाजामुळे. चेहरा क्षणभर अडकला तरी बोलणे चालू राहते, पण आवाज तुटू लागला की दोघेही कंटाळून फोन ठेवतात. कॉल लागताच आपण ‘आवाज येतोय का?’ असे विचारतो. खरेदीही त्याच क्रमाने करावी.

इतिहास : बोलणाऱ्याचा चेहरा दिसावा ही इच्छा जुनी आहे. ७ एप्रिल १९२७ रोजी बेल प्रयोगशाळेने अमेरिकेचे तेव्हाचे वाणिज्यमंत्री हर्बर्ट हूव्हर यांचे बोलते चित्र वॉशिंग्टनहून न्यूयॉर्कला पोचवले. चित्र मात्र एकाच दिशेने गेले. जर्मन टपाल खात्याने १९३६ मध्ये बर्लिन व लाइपझिग यांच्यामध्ये सार्वजनिक चित्रदूरध्वनी सुरू केला. एटी अँड टी कंपनीने आपला पिक्चरफोन १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यात दाखवला आणि १९७० मध्ये पिट्सबर्ग शहरात महिना १६० डॉलर दराने विकायला काढला. तो चालला नाही. दर तर जबर होताच, शिवाय ज्याला फोन करायचा त्याच्याकडेही तसलेच यंत्र असणे भाग होते. पहिल्या काही ग्राहकांना बोलायला माणसेच नव्हती.

ही कोंडी संगणकाने फोडली, कारण तो दुसऱ्याच कामासाठी आधीच टेबलावर येऊन बसला होता. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत १९९१ मध्ये ‘ट्रोजन रूम’ नावाच्या खोलीतील कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखला गेला. भांड्यात कॉफी उरली आहे का, हे इतर खोल्यांतल्या संशोधकांना जागेवरून कळावे एवढाच त्यामागचा हेतू होता. १२८ × १२८ ठिपक्यांचे ते करडे चित्र १९९३ मध्ये वेबवर आले आणि २००१ पर्यंत दिसत राहिले. कॉर्नेल विद्यापीठात टिम डॉर्सी यांनी १९९२ मध्ये मॅकिंटॉशसाठी ‘सी यू-सी मी’ हा प्रोग्रॅम लिहिला. १९९४ मध्ये कनेक्टिक्स कंपनीचा चेंडूसारखा गोल ‘क्विककॅम’ ९९ डॉलरला बाजारात आला. त्याचे चित्रही करडेच, अवघ्या १६ छटांचे. पण साधा माणूस विकत घेऊ शकेल असा संगणकाचा कॅमेरा त्यापूर्वी मिळत नव्हता.

भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वांसाठी खुले केले. टेलिफोनच्या तारेवरचे ते जोड इतके मंद होते की हलते चित्र जवळपास अशक्यच. पुढे सायबर कॅफेंचे दिवस आले. परदेशी गेलेल्या मुलाचा चेहरा पाहण्यासाठी आईवडील ठरल्या वेळी प्लायवूडच्या खणात जाऊन बसत आणि तासाप्रमाणे पैसे देत. २००३ मध्ये निघालेल्या स्काइपने २००६ पासून चित्राचीही सोय दिली आणि हे भेटणे घरात आले. स्काइप मे २०२५ मध्ये बंद झाले.

दोन बदलांचा गवगवा झाला नाही, पण आजची सोय त्यांच्यावरच उभी आहे. पहिला २००३ चा. त्याआधी प्रत्येक वेबकॅमबरोबर ड्रायव्हरची सीडी येई, आणि सीडी हरवली की कॅमेरा निकामी. त्या वर्षी यूएसबी कॅमेऱ्यांसाठी ‘यूव्हीसी’ हे समाईक मानक ठरले. तेव्हापासून त्या मानकाचा कॅमेरा नुसता खोचला की संगणक त्याला ओळखतो. दुसरा बदल २०११ मध्ये गुगलने खुल्या केलेल्या ‘वेबआरटीसी’ या तंत्राचा. त्यामुळे वेगळा प्रोग्रॅम न घालता ब्राउझरमधूनच कॉल होऊ लागला. २०२१ मध्ये ते वेबचे अधिकृत मानक झाले.

चित्राचे वजन : ६४० × ४८० ठिपके, दर ठिपक्याला २४ बिट आणि सेकंदाला ३० चित्रे असा हिशेब मांडला तर सेकंदाला सुमारे २२ कोटी बिट होतात. कॉलमध्ये तेच चित्र ५ ते १० लाख बिटांत भागते. ही काटकसर ज्या गणितावर आधारलेली आहे ते ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ बेंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये मांडले. चित्राचे लहान चौकोन पाडायचे, प्रत्येकातले सावकाश बदलणारे आणि झपाट्याने बदलणारे तपशील वेगळे करायचे आणि डोळ्याला न जाणवणारे तपशील गाळायचे, असे त्याचे काम चालते. शिवाय एका चित्रातून पुढच्या चित्रात जे बदलले तेवढेच पाठवले जाते. मागची भिंत हलत नाही, म्हणून तिच्यावर जवळजवळ काहीच खर्च होत नाही. मात्र पाठीमागे पडदा फडफडत असेल, पंखा फिरत असेल किंवा टीव्ही चालू असेल, तर त्यांच्या हालचालीवर बिट जातात आणि चेहरा धूसर होतो. भिंतीला पाठ करून बसले की तोच संगणक, तेच नेट, पण चित्र सुधारते.

आवाज : बोलण्याला सेकंदाला ३२ हजार बिट पुष्कळ होतात. म्हणजे तासाभराचा आवाज १४–१५ एमबीत मावतो, तर १० लाख बिटांचे चित्र तासाला ४५० एमबी घेते. नेट मंद झाले की कॅमेरा बंद करून बोलत राहावे, या सल्ल्यामागे हा हिशेब आहे.

डेस्कटॉपच्या मागे, आणि बहुधा पुढेही, दोन गोल छिद्रे असतात : हिरवे हेडफोन-स्पीकरचे, गुलाबी माइकचे. मोबाइलबरोबर मिळालेला इअरफोन हिरव्या छिद्रात घातला तर ऐकू येते, पण आपले बोलणे पलीकडे जात नाही. मोबाइलच्या पिनेवर माइक आणि कानाच्या तारा एकत्र असतात, तर डेस्कटॉपला त्या वेगळ्या लागतात. एका पिनेच्या दोन पिना करणारी छोटी तार दुकानात मिळते. यूएसबी हेडसेट घेतला तर ही भानगडच उरत नाही, आणि पैसे मोजकेच असतील तर ते कॅमेऱ्याआधी त्यावर घालवावेत. माइकचे अंतर दुप्पट झाले की पोचणारा आवाज ६ डेसिबलने घटतो, पण खोलीतला पंख्याचा घरघराट तेवढाच राहतो. तोंडापासून चार बोटांवरचा स्वस्त माइक हातभर दूरच्या महागड्या माइकला सहज मागे टाकतो, तो यामुळेच.

आपलेच शब्द क्षणभराने परत ऐकू येणे ही नेहमीची तक्रार. इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ज्याला स्वतःचा आवाज परत येतो त्याचे यंत्र बहुतेक वेळा ठीक असते. पलीकडच्या स्पीकरमधून निघालेला त्याचा आवाज पलीकडच्याच माइकमध्ये शिरलेला असतो. म्हणून स्पीकर कमी करायचा तो पलीकडच्याने. हा प्रतिध्वनी गणिताने पुसता येतो. मूळचे भारतीय असलेले मनमोहन सोंधी यांनी बेल प्रयोगशाळेत केलेले आणि १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेले काम या विषयात पायाभूत मानतात. स्पीकरकडे जाणारा आवाज यंत्राला ठाऊकच असतो. खोलीत तो कसा बदलतो याचा अंदाज सतत सुधारत माइकच्या आवाजातून तो वजा केला जातो. एकाच खोलीत दोन यंत्रे एकाच कॉलला जोडली की मात्र हे गणित कोलमडते, कारण दुसऱ्या यंत्रातून काय निघते हे पहिल्याला कळत नाही. मग शिट्टी वाजते. अशा वेळी एका यंत्राचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद करावेत.

कॅमेरा आणि उजेड : कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर असावा. लॅपटॉप पलंगावर किंवा टीपॉयवर ठेवला की पलीकडच्याला हनुवटी आणि छतच दिसते. खाली चार जाड पुस्तके रचली की काम झाले. समोरच्याच्या डोळ्यांत पाहतो आहोत असे त्याला वाटावे म्हणून पडद्याकडे नाही, तर कॅमेऱ्याकडे पाहावे लागते. हे अवघड जाते, म्हणून पलीकडच्याची खिडकी पडद्यावर ओढून कॅमेऱ्याच्या अगदी खाली आणून ठेवावी.

उजेड समोरून किंवा बाजूने हवा. खिडकीकडे पाठ केली की चेहरा काळा पडतो. उजेड कमी असला की कॅमेरा प्रत्येक चित्राला जास्त वेळ घेतो. मग ३० ऐवजी १५ किंवा त्याहून कमी चित्रे निघतात आणि हालचाल अडखळते. याचा दोष लोक नेटला देतात. ट्यूबखाली चित्रावर आडवे पट्टे सरकत असतील तर कारण आणखी वेगळे असते. भारतात वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे साधी ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. अमेरिकेसारख्या ६० हर्ट्झच्या देशासाठी लावलेला कॅमेरा या तालात बसत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ६० चे ५० केले की पट्टे जातात.

वेगळा कॅमेरा घ्यायचा नसेल तर मोबाइलचाच कॅमेरा संगणकाला लावता येतो. आयफोन आणि मॅक यांच्यात ही सोय २०२२ पासून आहे. अँड्रॉइड १४ पासून काही फोन यूएसबी तारेने थेट वेबकॅम म्हणून ओळखले जातात. इतरांसाठी ड्रॉइडकॅमसारखी ॲप आहेत. मोबाइलचा कॅमेरा बहुतेक वेबकॅमपेक्षा सरस असतो.

जाळे : बोलणे पोचायला १५० मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागू नये असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ सुचवतो. त्यापलीकडे गेले की माणसे एकमेकांचे बोलणे तोडू लागतात. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे मुंबईपासून सुमारे १२,५०० किलोमीटरवरच्या न्यूयॉर्कला सरळ रेषेत गेले तरी ६० मिलिसेकंद हवेतच. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर येणाऱ्या समुद्राखालच्या केबली सरळ रेषेत जात नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात वेळ आणखी लागतो. अमेरिकेतल्या नातवाशी बोलताना आजी-आजोबांना प्रत्येक वाक्यानंतर थोडे थांबावे लागते ते याचमुळे. उरलेला उशीर मात्र आपल्या घरात कमी करता येतो. राऊटर दोन भिंतींपलीकडे असेल तर वायफायऐवजी सरळ लॅनची तार ओढावी. कॉल चालू असताना घरातल्या दुसऱ्या फोनवरचे फोटो आपोआप वर चढत नाहीत ना, हेही पाहावे, कारण कॉलला खाली येण्याइतकाच वर जाण्याचा वेग लागतो.

जुना संगणक : कॉलमध्ये प्रोसेसरला आपले चित्र दाबून पाठवणे आणि पलीकडचे उलगडणे ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतात. जुन्या यंत्राचा पंखा जोरात फिरू लागतो तो त्यामुळे. चित्राचा आकार ३६० ओळींवर आणावा, मागची भिंत धूसर करणारी सोय बंद ठेवावी आणि ब्राउझरचे बाकीचे टॅब मिटावेत. मग ४ जीबी मेमरीच्या यंत्रावरही दोघांचे बोलणे बहुधा नीट होते. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. अशा संगणकावर लिनक्स घालून तो याच कामाला ठेवता येतो. यूव्हीसी कॅमेऱ्यांचा ड्रायव्हर २००८ पासून लिनक्समध्ये अंगभूत आहे.

कॅमेरा दिसतच नसेल तर यंत्र दुरुस्तीला नेण्याआधी तीन गोष्टी बघाव्यात : दुसरा एखादा प्रोग्रॅम कॅमेरा अडवून बसला आहे का, ब्राउझरने मागितलेली परवानगी चुकून नाकारली आहे का, आणि काचेवरची झडप सरकलेली आहे का.

उपयोग व धोके : ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये निर्णय दिला की, परदेशातल्या साक्षीदाराची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने नोंदवणे कायद्याला धरून आहे. २०२० च्या टाळेबंदीत न्यायालये पडद्यावर आली त्याची कायदेशीर वाट मुंबईतल्या या खटल्याने आधीच तयार केली होती. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने व्हिडिओवरून ग्राहकाची ओळख पटवायला मुभा दिली आणि डॉक्टरांच्या दूरसल्ल्याचे नियमही आले.

व्हिडिओ कॉलवर बसलेला हाच विश्वास ठग वापरतात. वर्दी घालून, मागे कार्यालयासारखी भिंत उभी करून ‘तुम्ही डिजिटल अटकेत आहात’ असे सांगतात आणि कॉल तासन्‌तास चालू ठेवायला लावतात. भारतीय कायद्यात अशी अटक नाही. कॉल तोडून १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. काम नसताना यूएसबी कॅमेरा काढून ठेवणे सर्वांत सुरक्षित; लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर कागदाची पट्टी चालते.

आवाज आधी, या नियमाला एक मोठा अपवाद आहे. बहिऱ्या व्यक्तींना टेलिफोन शंभर वर्षे बंदच होता. व्हिडिओ कॉलमुळे त्यांना दूरच्या माणसाशी आपल्या खुणांच्या भाषेत थेट बोलता आले. त्यांच्यासाठी संगणक लावायचा तर हेडसेटचे पैसे उजेडावर घालावेत. चित्र रेखीव असण्यापेक्षा ते सलग हलणे महत्त्वाचे, कारण चित्रे कमी झाली की बोटांच्या झटपट खुणा मधल्या मध्ये गळून जातात. म्हणून आकार लहान ठेवून वेग सेकंदाला ३० चित्रांचा राखावा. कॅमेरा थोडा मागे न्यावा, म्हणजे डोक्यापासून कमरेपर्यंतचा भाग आणि पसरलेले दोन्ही हात चौकटीत येतात. मागे एका रंगाची भिंत असावी आणि अंगातले कपडे हातांच्या रंगापासून वेगळे उठून दिसणारे, बिनानक्षीचे असावेत.