बाल्कनीवरचा कुत्रा

‘स्वमग्नता’ हा शब्द मी प्रथम ऐकला तेव्हा मला तो फार देखणा वाटला होता. आता तितकासा वाटत नाही. ज्या मुलांना आपण तो लावतो ती स्वतःतच मग्न असतात, हे ठरवले कुणी? मूळ ‘ऑटिझम’ हा शब्द घडवला ऑयगेन ब्लॉयलर या स्विस डॉक्टरांनी, आणि तोही मुलांसाठी नव्हे. छिन्नमनस्कतेचे रोगी जगाकडे पाठ फिरवतात, त्या वृत्तीला त्यांनी हे नाव दिले. ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्दही त्यांचाच, १९०८ सालचा. दोन्ही नावे एकाच टाकसाळीतली. मग पुढे घोटाळा झाला तर नवल काय!

ब्लॉयलर झुरिकजवळच्या शेतकऱ्याचे पोर. रोग्यांची बोली हीच त्यांची घरची बोली, आणि राइनाउच्या मनोरुग्णालयात १८८६ ते १८९८ अशी बारा वर्षे त्यांनी रोग्यांच्या सहवासात काढली. योगायोग असा की त्याच १८८६ साली एमिल क्रेपेलिन डोरपाट येथे प्राध्यापक झाले. तिथल्या बहुतेक रोग्यांची भाषा एस्टोनियन, ती त्यांना येत नसे. मध्ये दुभाषी लागे. क्रेपेलिननी रोगाचा शेवट काय होतो यावर भर दिला, ब्लॉयलरनी रोग्याच्या विचारांची गाठ कुठे सुटते यावर. याचे सगळे कारण भाषेत आहे असे मी म्हणणार नाही, पण ही गोष्ट मला विसरता येत नाही.

गाठ सुटते म्हणजे काय होते? घरी कोण असते असे विचारावे, तर उत्तर घरावरून घारीवर, घारीवरून आभाळावर आणि तिथून विमानाच्या भाड्यावर जाते. मात्र एवढ्यावरून निदान करू नये. असे बोलणे उन्मादाच्या रोग्यांतही आढळते, हे नॅन्सी अँड्रियासन यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले.

मुलांची कथा निराळी. बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतल्या पाच वर्षांच्या एका मुलाच्या तोंडी, कुत्र्याला बाल्कनीवरून खाली टाकू नकोस, असे वाक्य आले. खोलीत ना कुत्रा, ना बाल्कनी. एखाद्याने ‘असंबद्ध’ असे टिपून पान उलटले असते. पण शोध घेतला तेव्हा कळले की, तीन वर्षांपूर्वी इंग्लंडच्या एका हॉटेलात हा मुलगा खेळण्यातला कुत्रा सारखा खाली टाकी, आणि खालून आणून आणून दमलेल्या आईने त्याला तसे बजावले होते. तेव्हापासून काहीही फेकण्याचा मोह झाला की तो ते वाक्य स्वतःलाच ऐकवी. दुसऱ्या मुलाला बापाने ‘हो’ म्हणायला शिकवले, ते ‘हो’ म्हटलेस तर खांद्यावर घेईन असे सांगून. त्याच्या लेखी कित्येक महिने ‘हो’चा अर्थ एकच: खांद्यावर घे.

ही मुले स्वतःला ‘तू’ म्हणतात. ऐकले तसेच्या तसे परत देतात, एवढेच कॅनरना त्यात दिसले. ब्रुनो बेटलहाइम यांना मात्र १९६७ मध्ये त्यात ‘मी’पणाचा नकार दिसला! मराठीत तर हे ‘तू’ कानातून निसटूनही जाईल. “दूध पितोस?” असे आपले मूल स्वतःला दूध हवे म्हणून म्हणाले, तर सर्वनाम क्रियापदाच्या शेपटात दडलेले असते.

कुत्र्याचे वाक्य उलगडले ते घरच्यांच्या आठवणीमुळे. ‘हो’ म्हणणाऱ्या मुलाच्या वडिलांनी तर मुलगा दाखवण्यापूर्वीच टंकलिखित तेहेतीस पानांची हकीकत धाडली होती. इतक्या बारकाईने पोराकडे पाहणाऱ्या या आईबापांना मिळाले काय? कॅनरनी १९४३ मध्ये हा दोष जन्मजात म्हटला खरा. पण आईबाप थंड, रुक्ष, असेही ते लिहीत राहिले. १९४९ मध्ये तर त्यांनी शीतकपाटाची उपमा दिली. ती जगाने उचलली आणि बेटलहाइमनी पुढे नेली. अमेरिकेच्या अधिकृत वर्गीकरणात हा विकार १९८० पर्यंत बालपणीच्या छिन्नमनस्कतेच्या रकान्यातच होता.

१९६९ मध्ये अशा मुलांच्या पालकांच्या मेळाव्यात कॅनर उभे राहिले. वय पंचाहत्तर. पालक म्हणून मी तुम्हांला दोषमुक्त करतो, अशा आशयाचे ते बोलले. त्या वाक्यापर्यंत सव्वीस वर्षे गेली होती.