एका माणसाची सहा नावे

पुणतांबे हे गोदावरीकाठचे गाव. योगी चांगदेवांची समाधी तेथे आहे. त्यामुळे भाविक मराठी माणसाला गावाचे नाव ठाऊक असते. परंतु याच गावी १२ जानेवारी १९१८ रोजी रामचंद्र नरहर चितळकर नावाचे मूल जन्मले आणि पुढे त्याने साऱ्या देशाला ठेका धरावयास लावले, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानी असते. ‘हे चितळकर कोण?’ असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनात आताच उमटला असेल. तेच सी. रामचंद्र! हा प्रश्न पडावा, यातच माझ्या लेखाचे बीज आहे. एका माणसाने सहा नावे धारण केली. त्यांतले एकच गाजले. आणि त्या गाजण्यात काय मिळाले व काय गेले, याचा जमाखर्च त्याने अखेर आपल्या मातृभाषेत मांडला. प्रसिद्धी म्हणजे काय, हे समजून घ्यावयाचे असेल तर या माणसाच्या आयुष्यासारखा दुसरा धडा नाही.

आधी ही नावे मोजू. चित्रपटात काम करताना ते आर. एन. चितळकर होते. ‘सुखी जीवन’सारख्या सुरुवातीच्या चित्रपटांना त्यांनी राम चितळकर या नावाने संगीत दिले. काही मारधाडीच्या चित्रपटांवर अण्णासाहेब असे नाव लागले, तर कोठे श्यामू. मोठ्या चित्रपटांवर सी. रामचंद्र, आणि स्वतः गाणे म्हटले की नुसते चितळकर. झाली ना सहा? आपल्याकडे देवाला सहस्र नावे असतात आणि चोराला दोन, असे गमतीने म्हणता येईल; पण पोटासाठी धडपडणाऱ्या कलावंताला किती असावीत, याचे शास्त्र कोणी सांगितलेले नाही. त्या काळी चित्रपटाच्या धंद्यात हलके काम आणि भारी काम अशी प्रतवारी असे. हलक्या कामावर एक नाव, भारी कामावर दुसरे, असे केले की दोन्हींची अब्रू राहते. एखादा शेतकरी बाजाराला निघताना टोपी बदलतो, तसाच हा प्रकार.

या माणसाने सुरुवात केली ती नायक म्हणून. नागपूरला शंकरराव सप्रे आणि पुण्याला विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे गाण्याचे धडे गिरवून झाल्यावर वाय. व्ही. राव यांच्या ‘नागानंद’ या चित्रपटात त्यांना थेट मुख्य भूमिका मिळाली. चित्रपट पडला. मग सोहराब मोदींच्या मिनर्व्हा कंपनीत बारीकसारीक कामे करावयाची आणि तेथील संगीत दिग्दर्शकांना पेटीची साथ द्यावयाची, असे दिवस आले. नायकाचा पेटीवाला झाला! सामान्य माणूस अशा वेळी गावाकडची गाडी पकडतो. चितळकरांनी पेटी धरून ठेवली, आणि त्या पेटीनेच त्यांना वर आणले. प्रथम दोन तमिळ चित्रपटांचे संगीत, मग १९४२ साली मित्र भगवान पालव यांचा ‘सुखी जीवन’, आणि १९४७ साली फिल्मिस्तानचा ‘शहनाई’. रविवारी भेटावयास बोलावणारे त्यातले गाणे गल्लोगल्ली झाले. गिटार, माउथऑर्गन, सॅक्सोफोन आणि भरीला शीळ! जुन्या जाणत्यांनी नाके मुरडली. तरुणांनी शिट्ट्या वाजवल्या. हिंदुस्थानी चित्रपटात ज्याला आज आपण पॉप म्हणतो, त्याचा पाळणा असा हलला.

येथे आमच्या वसईचा थोडा संबंध येतो. १५३४ पासून १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी किल्ला घेईपर्यंत वसई पोर्तुगीजांकडे होती. तोफा गेल्या, गलबते गेली. परंतु चर्चमधले गाणे आणि त्याबरोबर आलेली वाद्ये राहिली. माझ्या लहानपणी आमच्या भागातील ख्रिस्ती लग्नांत बँडवाले कडक इस्त्रीचे कोट घालून येत आणि नवरा-नवरीच्या पुढे ‘अलबेला’ची गाणी वाजवीत. गोव्यात तर चर्चच्या शाळेत पोराला अक्षरओळखीबरोबर स्वरलिपी शिकवीत. तेथून मुंबईला आलेल्या वादकांनी हिंदी चित्रपटाचा वाद्यमेळ उभा केला. सी. रामचंद्रांनी ही माणसे ओळखली. हळदोण्याचे अँटोनियो झेवियर वाझ, म्हणजे ट्रंपेट वाजविणारे प्रसिद्ध ‘चिक चॉकलेट’, हे १९५१ च्या ‘अलबेला’त आपल्या बँडसह पडद्यावरच दिसतात. वादकाने पडद्यामागे राहावयाचे, हा तेव्हाचा रिवाज. त्याला येथे फाटा मिळाला. म्हणून आमच्या लग्नांतले बँडवाले ‘अलबेला’ वाजवीत, तेव्हा ते उसन्या घरी गेल्यासारखे वाजवीत नसत. माहेरी आल्यासारखे वाजवीत.

उसनेपणाचा विषय निघाला म्हणून सांगतो. १९५० च्या ‘समाधी’तील ‘गोरे गोरे’ची चाल एका परदेशी गाण्यावरून उचललेली आहे, हे जाणकारांना पहिल्या दिवसापासून माहीत होते. चालीत ते दडविण्याची धडपडही दिसत नाही. परंतु त्याच हाताने १९५३ साली ‘अनारकली’ची चाल केली, तेथे परदेशाचा वारासुद्धा नाही, आणि १९५९ साली व्ही. शांतारामांच्या ‘नवरंग’साठी जे संगीत दिले, त्याला तर आपल्या मातीचा वास आहे. एकाच माणसाने हे सारे करावे, याचे लोकांना नवल वाटे. मला वाटते, सहा नावांचा माणूस सहा परींनी गाऊ शकतो. त्यात नवल कसले?

कामाच्या बाबतीत मात्र त्यांनी कलावंताचा तोरा मिरविला नाही. ‘आझाद’ची हकीकत चित्रपटसृष्टीत अजून सांगतात. दक्षिणेकडील निर्माते श्रीरामुलू नायडू यांना साऱ्या चित्रपटाची गाणी महिनाभरात हवी होती. ते आधी नौशादांकडे गेले. नौशादांनी हे किराणा दुकान नव्हे, अशा भावनेने नकार दिला. सी. रामचंद्र ‘हो’ म्हणाले, आणि त्यांनी गाणी वेळेत दिली. तलत महमूद येऊ शकले नाहीत, तेव्हा ते स्वतः चितळकर होऊन माइकसमोर उभे राहिले. १९५५ चा हा चित्रपट आणि त्यातली गाणी दोन्ही चालली. नौशादांचा नकार चुकीचा होता, असे नव्हे. त्यांची आपल्या कलेविषयी एक दृष्टी होती. परंतु सुताराने लाकूड पाहावे, लोहाराने विस्तव पाहावा आणि कामाला लागावे, अशीही एक दृष्टी असते, आणि तीत कमीपणा नाही. मी पंचवीस-एक वर्षे मुलांना शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. घंटा वाजली की वर्गात जावेच लागते, स्फूर्ती आली असो वा नसो. म्हणून मला हे दुसरे सूत्र अधिक जवळचे वाटते.

शाळेचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट सांगून टाकतो. सातवीच्या वर्गात मी एकदा विचारले, ‘ईना मीना डीका’ कोणाला येते? सारा वर्ग गाऊ लागला. हे गाणे १९५७ च्या ‘आशा’ चित्रपटातले. खेळणाऱ्या मुलांच्या बडबडीवरून ते सुचले आणि जॉन गोम्स या गोव्याच्या वादकाने त्यात ‘माका नाका’ हे आपल्या कोकणीतले शब्द घातले, असे सांगतात. मी पुढे विचारले, हे कोणी केले? वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरील एक मुलगी उठून म्हणाली, “सर, ते कोणी केलेले नाही. ते असतेच.”

मी फळ्याकडे वळलो, पण उत्तर मनात राहिले. ओवी कोणी केली, भोंडल्याची गाणी कोणी केली, हे आपण विचारतो का? ती असतातच. करणाऱ्याचे नाव गळून पडावे आणि केलेले तेवढे उरावे, ही लोकप्रियतेची अखेरची पायरी होय. परंतु ज्याचे नाव गळते, त्याच्या काळजाला काय वाटते, हा प्रश्न निराळा.

तो प्रश्न २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीत उभा राहिला. चीनच्या युद्धातील पराभवाची जखम ताजी होती. कवी प्रदीपांचे ‘ऐ मेरे वतन के लोगो’ लता मंगेशकरांनी पंडित नेहरूंसमोर गायिले, आणि नेहरूंचे डोळे पाणावले. आजही या प्रसंगाची आठवण निघते तेव्हा प्रथम नेहरू, मग लताबाई, मग प्रदीप यांची नावे येतात. ज्याने ती चाल बांधली, त्याचे नाव आले तर शेवटी येते. लताबाई आणि सी. रामचंद्र यांचे एकत्र काम त्यापूर्वीच काही वर्षे थांबलेले होते. जुन्या जोडीला एका दिवसापुरते देशाच्या दुःखाने एकत्र आणले, आणि त्यातून त्या माणसाची सर्वांत अजरामर चाल निघाली. त्यानंतर मात्र हिंदी चित्रपटात त्यांचे दिवस ओसरत गेले. नवे संगीतकार आले, नवा ठेका आला. ज्याने जुन्यांना मागे सारले होते, त्याला नव्यांनी मागे सारले. काळाचा हा व्यवहार चोख असतो. त्यात कोणालाही सूट नाही.

त्यांचे मित्र भगवानदादा यांची कथा तर याहून करुण. ‘अलबेला’ने त्यांना जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला आणि मोटारींचा ताफा दिला, असे सांगतात. पुढच्या चित्रपटांनी तो सारा काढून नेला, आणि २००२ साली दादर भागातील चाळीच्या घरात त्यांनी डोळे मिटले. सी. रामचंद्रांचे असे झाले नाही. हिंदीचे दार लोटले गेले, तेव्हा ते मराठीकडे वळले. गदिमांच्या ‘गीतगोपाल’ला त्यांनी चाली दिल्या. १९७० च्या ‘घरकुल’मधील ‘पप्पा सांगा कुणाचे’ हे घराघरात म्हटले जाणारे गाणेही त्यांचेच. ज्या माणसाने देशाला पाश्चात्त्य ठेक्यावर नाचविले, त्याने उतारवयात मराठी घरातल्या लहान मुलांसाठी ही चाल बांधली, हे मला फार आवडते.

आणि १९७७ साली त्यांनी ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले. मराठीत गाण्या-नाटकातल्या माणसांनी आत्मकथा लिहिण्याची परंपरा आहे. गोविंदराव टेंब्यांचा ‘माझा जीवनविहार’ आहे. हंसा वाडकरांचे ‘सांगत्ये ऐका’ तर स्पष्टपणाचा एक मापदंडच ठरले. सी. रामचंद्रांचे पुस्तक त्याच पंगतीतले. नाव मिळाल्यानंतर मित्र कसे येतात, प्रेम कसे जडते, ते कसे तुटते, हे त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिले. काही भागावरून गदारोळ झाला. लोकांनी नावे ताडून पाहिली, बोटे दाखविली. मी इतिहासाकडे कुतूहलाने पाहणारा एक साधा शिक्षक आहे. मला येथे एक सावधगिरी सुचवावीशी वाटते. टाळी एका हाताने वाजत नाही, आणि एका हाताने लिहिलेल्या पुस्तकात दुसऱ्या हाताची बाजू येत नाही. म्हणून दुसऱ्यांविषयी त्यांनी जे लिहिले, ते त्यांचे म्हणणे म्हणून वाचावे. निवाडा म्हणून नव्हे. परंतु स्वतःची लालसा, स्वतःचा रुसवा आणि स्वतःची हार उघड करण्यास जे धैर्य लागते, त्याचे मोल त्याने कमी होत नाही. आयुष्यभर सहा नावांआड वावरलेल्या माणसाने हे पुस्तक वाचकापुढे ठेवले ते सी. रामचंद्र याच नावाने. जे नाव जगाने गाजविले, त्याच नावाखाली त्याने जगाला आपली दुखरी जागा दाखविली. प्रसिद्धीकडून वसूल केलेले हे व्याजच म्हणावे!

योगायोग पाहा. त्याच १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’ आला आणि अँथनी गोन्साल्विस हे नाव देशभर झाले. खरे अँथनी गोन्साल्विस हे गोव्यातील माजोर्ड्याचे, व्हायोलिनचे थोर शिक्षक. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य, आणि गाण्यातले नाव ही शिष्याने वाहिलेली गुरुदक्षिणा. ते नाव कोट्यवधींनी म्हटले. पण या नावाचा माणूस खरोखरच आहे, हे थोड्यांनाच माहीत होते. माजोर्ड्याला शांतपणे राहून ते २०१२ साली गेले. एकाची चाल राहिली, नाव मागे पडले. दुसऱ्याचे नाव राहिले, माणूस मागे पडला. प्रसिद्धी देते ते असे अर्धेमुर्धेच देते. जो पुरे मागतो त्याचे हाल होतात. जो अर्ध्यावर काम चालवितो त्याला रात्री झोप लागते.

५ जानेवारी १९८२ रोजी, चौसष्टावा वाढदिवस आठवड्यावर असताना, सी. रामचंद्र गेले. आज आमच्या वसई-विरारमध्ये उंच इमारती उठल्या आहेत, आणि लग्नांत बँडच्या जोडीला डीजेही आला आहे. तरी ‘अलबेला’तली एखादी चाल वाजली की आजोबा आणि नातू दोघांचेही पाय हलतात. त्या मुलीने म्हटले तसे, ती गाणी ‘असतातच’.

तरीही वाचकहो, माझी एक विनंती आहे. या दिवाळीत फराळाची ताटे मध्ये ठेवून घरातली मंडळी बसतील आणि कोणी ‘पप्पा सांगा कुणाचे’ म्हणू लागेल, तेव्हा गाणे संपल्यावर मुलांना एवढेच सांगावे: ही चाल पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांची. सहापैकी कोणतेही एक नाव सांगितलेत तरी चालेल.